शेवटचे पाचशे मीटर

"या वेळी पाण्याचा असा आवाज देते, की घरी बसून बघणारा माणूस पाय वर घेऊन बसेल!"

कानसाहेबांच्या लेकीनं हे भर बैठकीत सांगून टाकलं, तेव्हा अंतिम शर्यतीला तीन दिवस होते. बढाई मारायचीच असेल तर शर्यत झाल्यावर मारावी. तीन दिवस आधी मारली की नशिबाला तयारीला वेळ मिळतो!

शर्यत होती वल्हवण्याची, आणि तीही जागतिक. तलावाकाठी टीव्ही वाहिनीची गाडी उभी होती. गाडी म्हणजे बसएवढा बिनखिडक्यांचा डबा. आत एका भिंतीवर चाळीस पडदे, आणि यंत्रं तापू नयेत म्हणून इतकी थंडी, की बाहेर लोक घाम पुसताहेत आणि आत सगळे स्वेटरमध्ये! इथून निघालेलं चित्र आणि आवाज बासष्ट देशांत जायचा. प्रत्येक देश त्यावर आपापल्या भाषेतली बडबड चढवायचा. म्हणजे तोंडं बासष्ट, पण कान एकच. आणि त्या कानाच्या खुर्चीवर तेहेतीस वर्षं कानसाहेब बसले होते.

कानसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. पण दोन खोल्यांपलीकडे गळणारा नळ गरम पाण्याचा की गार, हे झोपेतून सांगणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? चार महिन्यांपूर्वी ते गेले. खुर्ची लेकीला मिळाली. खुर्चीची उंची तिनं अजून बदलली नव्हती. पाय जमिनीला टेकत नव्हते, तरीही.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वल्हवण्याच्या शर्यतीत वल्ह्यांचा आवाज येतच नाही! वर हेलिकॉप्टर, बाजूनं कॅमेरे घेऊन पळणाऱ्या मोटारबोटी. पाण्याजवळ कितीही माइक लावा, कानात येते ती भर्रर्र! डोळ्यांना दिसतात हंसासारख्या होड्या आणि कानाला ऐकू येते पिठाची गिरणी. म्हणून वल्ह्यांचा आवाज आधीच टिपून ठेवतात आणि शर्यतीच्या वेळी चित्राखालून सोडतात. यात कोणी लबाडी मानत नाही. वाहिनीकडे असा आवाज होता चाळीस सेकंदांचा. कानसाहेबांनी सव्वीस वर्षांपूर्वी टिपलेला. छप्प, खट्ट, सूंऽऽ. छप्प, खट्ट, सूंऽऽ. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. कुठे टिपला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. डोंगरातल्या एका तळ्यावर आठवडाभर तंबू ठोकून होते, असं गाडीतले लोक एकमेकांना सांगत.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण कुठल्याशा दूर देशातल्या एका पक्षीप्रेमी आजोबांचं पत्र आलं.

"मी गेली कित्येक वर्षं आपल्या शर्यती ऐकतो," त्यांनी लिहिलं होतं. "दर चाळीस सेकंदांनी एक पाणपक्षी 'क्यॅक' असा ओरडतो. थंड देशातही तोच, उष्ण देशातही तोच. हा पक्षी कोणता? आणि तो स्पर्धेबरोबर प्रवास कसा करतो?"

गाडीचा मुख्य दिग्दर्शक, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, त्यानं पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावला. "आज पक्षी विचारलाय, उद्या पाणी विचारतील! नवा आवाज हवा. लांब. पुन्हा पुन्हा न फिरणारा."

"मी आणते," लेक म्हणाली. आणि लगेच ती पाय वर घेऊन बसायची बढाई.

बढाईला आधार होता. बाबांचं कपाट. त्यात टेपांच्या डब्या अशा लावलेल्या, जशी शाळेतली मुलं प्रार्थनेला. प्रत्येक टेप नीट तपासलेली, दोन्ही टोकं कापलेली. "शेवट न कापलेली टेप म्हणजे उघडं टाकलेलं घर," असं बाबा म्हणायचे. तिसऱ्या फळीवर मागच्या बाजूला तिला डबी सापडली: 'वल्ही. पूर्ण.'

खरं सांगायचं तर या कपाटात ती आणि तिची आई चार महिने वेगळंच काही शोधत होत्या. बाबांचा आवाज. ज्या माणसानं जगाचे आवाज गोळा केले, त्याचा स्वतःचा आवाज घरात कुठेही नव्हता! टिपताना ते श्वाससुद्धा दाबून धरायचे. फोनवर निरोप ठेवायचे नाहीत. एका लग्नाच्या चित्रफितीत ते होते, पण तोंडावर बोट ठेवून बाकीच्यांना गप्प करताना. आई म्हणायची, "सगळ्यांचं ऐकत बसले, आपलं काही ठेवलं नाही." आणि मग भांडी जरा जोरात घासायची.

लेकीनं टेप बाबांच्याच जुन्या यंत्रात घातली आणि गाडीतल्या नव्या यंत्रात उतरवायला लावली. कानांवर हेडफोन. सुरुवातीला एकदा तो पक्षी ओरडला, आणि मग नुसतं पाणी. छप्प, खट्ट, सूंऽऽ. लय हळूहळू वाढत होती. यात आवाज नाही, पण माइक धरणारे हात बाबांचेच आहेत, असं तिच्या मनात आलं आणि चौथ्या मिनिटाला तिनं हेडफोन काढून ठेवले. डोळे पुसायला बाहेर जाऊन उभी राहिली. आत यंत्र उतरवत राहिलं.

साउंडवाल्या माणसानं टेप शेवटपर्यंत ऐकायची असते. हा या धंद्यातला पहिला धडा, आणि तो तिला शिकवला होता बाबांनीच.

परत येऊन टेप बाहेर काढली तर जुन्या यंत्रानं तिचा गुंता करून ठेवलेला. शेवया बऱ्या! पण आवाज उतरला होता. "मिळालं ना? मग झालं," ती स्वतःला म्हणाली.

शर्यतीचा दिवस उजाडला. चार-चार मुलींच्या सहा होड्या. बंदुकीचा बार झाला आणि लेकीनं वल्ह्यांची पट्टी हलकेच वर सरकवली. (आवाज कमी-जास्त करायला अशा शंभरेक पट्ट्या तिच्यासमोर असतात. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की बंद.)

काय आवाज होता! गाडीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. सावकाश गतीची दृश्यं दाखवणारा गडी, टोपणनाव कासव, तो स्वेटरच्या बाह्या सावरत म्हणाला, "ताई, मला थंडी वाजायला लागली!"

"तुला रोजच वाजते."

"आज ओली वाजतेय!"

कॅप्टननं अंगठा वर केला. कॅप्टनचा अंगठा वर्षातून एकदा वर होतो. लेकीला वाटलं, बाबा, बघा!

पाचवं मिनिट लागलं. पडद्यावर पिवळी होडी नाकभर पुढे, निळी तिच्या खांद्याशी. आणि बासष्ट देशांत दार वाजलं. थड! थड! थड!

"अहो! बाहेर या की! तासभर झाला, बादलीत मासे धरताय का?"

वल्ही थांबली नाहीत. छप्प, खट्ट. मग अगदी जवळून, धापा टाकत एक पुरुषी आवाज आला:

"अगं, थांब ना! शेवटचे पाचशे मीटर राहिलेत!"

आणि त्याच क्षणी पडद्यावर पाचशे मीटरची पाटी मागे गेली. त्याच क्षणी!

"आवाज काढ!" कॅप्टन किंचाळला. "काढ! खाली ओढ!"

जगातल्या कुठल्याही साउंडवाल्याचा हात अशा वेळी अर्ध्या सेकंदात खाली येतो. लेकीचा हात पट्टीवर होता. तो खाली आला नाही. नंतर कासवानं शपथेवर सांगितलं, की ताईंनी पट्टी वर सरकवली!

"बाबा! मला शू लागलीय!" बासष्ट देशांत एक लहान मुलगी ओरडली.

"आलो, बाळा! धर जरा! चाळीस वल्ही राहिलीत!"

"बाबाऽऽ! आत्ता!"

"बरं, बरं, आलो!" वल्ही थांबली. पाणी एकदा हेलकावलं. आणि मग, स्पष्ट, खणखणीत: क्यॅक!

पाणपक्षी नव्हताच तो. त्यांच्या जुन्या घरातल्या न्हाणीघराच्या दाराची बिजागरी होती! लेकीनं लहानपणी हजार वेळा ऐकलेली. तिथे टेप संपली, ती भानावर आली, आणि हेलिकॉप्टरचा माइक उघडला. उरलेली शर्यत जगानं पिठाच्या गिरणीवर ऐकली. पिवळी होडी अर्ध्या लांबीनं जिंकली.

मग एकेक बातमी यायला लागली. एका देशाच्या समालोचकानं सांगितलं होतं, की काठावर प्रार्थना सुरू आहे. दुसरा म्हणाला, मासेमारांचं भांडण. तिसऱ्यानं सांगितलं, पिवळ्या होडीचे प्रशिक्षक आपल्या मुलींना छुप्या यंत्रातून सूचना देताहेत. आणि निळ्या होडीचा व्यवस्थापक नेमका त्याच देशाचा, तंबूत बसून टीव्ही बघत होता! त्यानं तक्रार ठोकली. चालू शर्यतीत होडीला बाहेरून सूचना देणं म्हणजे थेट बाद. पंचांनी पदकं रोखली आणि आवाजाची मूळ प्रत मागवली.

"पुस ती," कॅप्टन म्हणाला. त्याचं बोट यंत्रावरच होतं. "पंच यायच्या आत पुस. माइकनं काठावरचा गोंधळ पकडला, असं सांगू. पक्षी मिटेल, वल्ही मिटतील, तुझी खुर्चीही राहील."

लेकीनं बटणावर आपला तळहात ठेवला. "नाही."

"वेडी आहेस का?"

"हा एकच आहे."

"काय एकच?"

"बाबांचा आवाज. दुसरा कुठेच नाही. आम्ही चार महिने शोधतोय."

कॅप्टननं बोट काढून घेतलं. कानसाहेबांच्या शेजारी तो वीस वर्षं बसला होता. "मला तर तो माणूस हेडफोनमध्ये 'हं' एवढंच म्हणायचा," तो पुटपुटला. "घरी इतकं बोलायचा होय! जा मग. खरं काय ते सांग. खुर्च्या गेल्या तर आपण एखादा बाक घेऊ."

पंचांच्या तंबूत पांढऱ्या टोप्यांचे तिघे पंच, निळा व्यवस्थापक, आणि एका कोपऱ्यात घोंगड्या पांघरलेल्या चार पिवळ्या मुली, हरवल्यासारख्या. त्यांनी शर्यतीत हेलिकॉप्टरशिवाय काही ऐकलं नव्हतं. "असं म्हणणारच त्या!" व्यवस्थापक म्हणाला. मधे एक दुभाषी. त्याचा चेहरा असा, की तो हसला तर बातमी व्हावी.

टेपेवरून उतरवलेला आवाज लावला. दुभाषी गंभीरपणे एकेक वाक्य उतरवू लागला.

"बाई विचारते, की आपण मासे पकडत आहात काय. पुरुष सांगतो, की शेवटचे पाचशे मीटर राहिले आहेत."

"बघा!" व्यवस्थापक उसळला. "अंतर सांगतोय! मासे ही खूण आहे!"

"लहान मुलगी म्हणते, की तातडी आहे. पुरुष म्हणतो, धीर धर, अजून चाळीस वल्ही."

"वल्हीसुद्धा मोजलीत! तीन-तीन प्रशिक्षक! एक तर अल्पवयीन!"

पंचप्रमुख म्हातारे होते, तरुणपणी स्वतः वल्हवलेले. त्यांनी लेकीकडे बघितलं. "ही माणसं कोण?"

"पुरुष म्हणजे माझे बाबा. चार महिन्यांपूर्वी गेले. बाई म्हणजे आई. आणि…" इथं तिनं स्वेटरची बाही ओढली. "मुलगी म्हणजे मी. टेप सव्वीस वर्षांपूर्वीची आहे. आणि ती तलावावरची नाही. आमच्या न्हाणीघरातली आहे."

दुभाषीनं पहिल्यांदाच विचारलं, "काय म्हणालात?"

"सिद्ध कसं करणार?" व्यवस्थापक म्हणाला.

लेकीनं आईला फोन लावला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"तू जेवलीस का?" आई म्हणाली.

दुभाषीनं ते उतरवलं. पंचप्रमुख म्हणाले, "हो म्हणावं त्यांना."

"आई, ऐक. इथं पंच बसलेत. बाबांनी वल्ह्यांचा आवाज कसा टिपला, ते सांग."

"तुला कोणी सांगितलं?" आईचा आवाज चढला. "माझ्याकडून वचन घेतलं होतं त्यांनी! आठवडाभर रजा काढून न्हाणीघरात! माझी कपड्यांची मोठी बादली, माझं लाकडी उलथणं आणि माझ्या साबणाच्या डबीचं झाकण! घड्याळ लावून बसायचे. शर्यतीला जितका वेळ लागतो तितकाच वेळ हात चालला पाहिजे म्हणे. आंघोळी शेजाऱ्यांकडे केल्या आम्ही! एवढा मोठा माणूस, बादलीत उलथणं मारतोय!"

निळा व्यवस्थापक ताडकन उठला. "हीच! हाच आवाज! हीच ती बाई!"

"कोण ओरडतंय गं तिथे?" आईनं विचारलं. "बसायला सांग त्याला!"

दुभाषीनं उतरवलं. व्यवस्थापक खाली बसला.

"बाईंनी टेपवरचं वाक्य एकदा म्हणावं, म्हणजे नोंद पुरी होईल," दुसरे पंच म्हणाले.

"आई, 'बाहेर या' म्हण एकदा. टेपवर म्हणालीस तसं."

पलीकडे आईनं टीव्ही बंद केला, तेवढं ऐकू आलं.

"बाहेर या म्हणू?" आई हळू म्हणाली. "कोणाला म्हणू आता?"

दुभाषीनं तोंड उघडलं, लेकीकडे बघितलं, आणि मिटलं. तंबूतल्या कोणालाच ते उतरवून हवं होतं असं दिसलं नाही.

मग आईच बोलली. "मी मघाशी स्वयंपाकघरात होते. टीव्ही तुझ्यासाठी म्हणून लावून ठेवला होता. आतून त्यांचा आवाज आला, 'अगं'. तर मी 'ओ' दिली! हातातलं टाकून बाहेर आले." ती नाक ओढून हसली. "आणि माझा तो कडाडलेला आवाज सगळ्या जगानं ऐकला ना? जुना गाऊन होता गं माझ्या अंगावर!"

"आवाजात गाऊन दिसत नाही, आई."

"तुझ्या बाबांना दिसला असता," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

पंचप्रमुखांनी टेप पुन्हा लावायला सांगितली. डोळे मिटून ऐकली. "शेवटी लय वाढवलीय त्यांनी," ते म्हणाले. "दमलेल्या माणसाचे हात आहेत हे. वल्हवायचे का ते?"

"नाही. त्यांना पोहताही येत नव्हतं."

"सव्वीस वर्षं," पंचप्रमुख आपल्या टोपीशी बोलले, "मी घरी बसून हा आवाज ऐकतो आणि नातवाला सांगतो, आज पाणी जड आहे." मग जरा वाकून, बाकीच्या पंचांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी विचारलं, "बादली पत्र्याची होती?"

तक्रार फेटाळली. चार पिवळ्या मुलींच्या गळ्यांत पदकं पडली, आणि त्यांतल्या एकीनं काही न समजता लेकीला ओल्या घोंगडीसकट मिठी मारली. निळा व्यवस्थापक जाताजाता दुभाषीला घेऊन आला. "तुमच्या आईंना आमच्याकडे प्रशिक्षक म्हणून पाठवाल का? आमच्या मुली फार हळू उठतात."

खुर्ची राहिली. वरच्या साहेबांनी एका ओळीचं पत्र दिलं: 'यापुढे कौटुंबिक आवाज वापरू नयेत.' कॅप्टननं ते गाडीत, सगळ्यांना दिसेल असं चिकटवलं. जुने चाळीस सेकंद पुन्हा कामाला लागले, बिजागरीसकट.

आई-बाबांच्या त्या सतरा सेकंदांच्या बोलण्याच्या प्रती लेकीनं तीन ठिकाणी ठेवल्या. आईच्या फोनमध्ये एक आहेच. आई ती रोज ऐकते आणि रोज 'अहो' पासून 'बाहेर या' पर्यंत स्वतःच्या आवाजात चुका काढते. डबी कपाटात परत गेली, आत टेपेचा गुंता, वर बाबांचं अक्षर. साऱ्या कपाटात शेवट न कापलेली अशी ती एकच टेप होती. तिच्यातली शर्यत अर्ध्यात सोडलेली, आणि डबीवर त्यांनी लिहिलं होतं, 'पूर्ण'.

महिन्याभरानं पक्षीप्रेमी आजोबांचं दुसरं पत्र आलं.

"अभिनंदन! या वेळी नर, मादी आणि पिल्लू असं पूर्ण कुटुंब ऐकायला मिळालं. मादी फार संतापलेली वाटली. पिल्लू घाईत होतं. ते सुखरूप पोहोचलं का, याची मला काळजी लागून राहिली आहे. कृपया कळवावे."

लेकीनं कागद पुढे ओढून बराच वेळ विचार केला. खुर्चीवरून तिचे पाय लोंबकळत होते. खोटं लिहिणं बाबांना आवडलं नसतं. शेवटी तिनं लिहिलं:

"आपण विचारपूस केलीत, आभारी आहे. नर लगेच धावत आला होता. पण पिल्लाला त्या दिवशी, काय सांगू, दारातच उशीर झाला."